टीव्ही भिंतीवर लटकतो तो नेमका कशाच्या जिवावर?

गेल्या दिवाळीच्या आधी साफसफाई चालू होती, मी स्टुलावर चढून टीव्हीमागची जळमटं काढत होते आणि फडकं कशात तरी अडकलं. बघते तर काय, टीव्ही ज्या लोखंडी पट्टीवर टांगलाय ती पट्टी खालच्या बाजूला भिंतीला टेकलेली आणि वरच्या बाजूला लग्नपत्रिका आरामात सरकेल एवढी फट. ५५ इंची टीव्ही, घेऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं, आणि त्याच्या बरोब्बर खाली आमची चार वर्षांची लेक रोज संध्याकाळी तिचे ब्लॉक मांडून बसते. नवऱ्याला हाक मारली, दोघांनी मिळून टीव्ही उतरवून गादीवर आडवा केला, आणि मग वरचे दोन स्क्रू मी पान्या-पेचकसाशिवाय, नुसत्या बोटांनी ओढून बाहेर काढले. गिट्टीसकट, म्हणजे स्क्रू धरायला भोकात ठोकतात त्या प्लॅस्टिकच्या नळीसकट!

लावायला आला होता तो मुलगा काही कामचुकार नव्हता हो. वीस मिनिटात चार भोकं, चार गिट्ट्या, पट्टी, टीव्ही, सगळं लेव्हलमध्ये, दिसायला एकदम झकास. फक्त त्याने भिंत कसली आहे हे विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही, कारण आम्हालाच ते माहीत नव्हतं. नंतरचे पंधरा दिवस मी हार्डवेअरवाल्या काकांचं, सोसायटीतल्या एका सिव्हिल इंजिनियर काकूंचं आणि आमच्या गवंड्याचं डोकं खाल्लं, तेव्हा जे कळलं ते इथे लिहिते.

आधी एक गोष्ट डोक्यात नीट बसवून घ्या, बाकी सगळं त्यातूनच निघतं. आपल्याला वाटतं टीव्ही जड असतो म्हणून पडतो. पण ५५ इंची टीव्हीचं वजन साधारण १५ किलो धरा, चार स्क्रूंवर वाटलं तर एकाच्या वाट्याला चार किलोसुद्धा नाही, एवढं तर कुठलीही धड गिट्टी पेलते. स्क्रूला खाली दाबणारं वजन हा प्रॉब्लेमच नसतो, प्रॉब्लेम असतो तो वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर ओढणारा जोर. कारण टीव्ही भिंतीच्या आत नसतो, भिंतीच्या पुढे असतो, त्यामुळे तो पट्टीच्या खालच्या कडेवर टेकून पुढे झुकायला बघतो आणि वरचे दोन स्क्रू त्याला मागे धरून ठेवतात. पाण्याने भरलेला हंडा कमरेवर घेऊन बाया निवांत गप्पा मारत चालतात, तोच हंडा हात लांब करून धरून दाखवा म्हटलं तर कोण धरेल? हंडा तोच, पाणी तेवढंच, फरक फक्त अंगापासूनच्या अंतराचा.

आता हेच आकड्यात. समजा पट्टीच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंमध्ये २० सेंटिमीटर अंतर आहे. भिंतीला चिकटून बसणाऱ्या फिक्स स्टँडवर टीव्हीचा भार भिंतीपासून साधारण ६ सेंटिमीटरवर येतो, तर वरच्या स्क्रूंवरची ओढ म्हणजे १५ गुणिले ६ भागिले २०, साडेचार किलो. काहीच नाही. आता तोच टीव्ही पुढे ओढून डावी-उजवीकडे फिरवता येणाऱ्या हातावाल्या स्टँडवर लावा, हात पूर्ण ताणल्यावर टीव्ही भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर गेला की ओढ होते जवळपास ३४ किलो, आणि यात हाताचं स्वतःचं वजन अजून धरलेलंच नाही, आणि पोरांनी टीव्ही खाली ओढला तर काय होईल तेही नाही. साडेसात पट! दोन्ही स्टँड दुकानात एकाच कप्प्यात ठेवलेले असतात आणि दोन्हींच्या खोक्यावर पुष्कळदा ‘५० किलोपर्यंत’ असं काहीतरी छापलेलं असतं, पण तो आकडा लोखंडाचा आहे, तुमच्या भिंतीचा नाही. आमच्याकडे हाच हातावाला स्टँड होता, कारण स्वयंपाकघरातून दिसावा म्हणून टीव्ही तिकडे वळवायचा होता (अख्ख्या दीड वर्षात चारदा वळवला असेल, आणि तोही सासूबाईंनी).

मग प्रश्न येतो भिंतीचा. आपल्याकडे रंग लावला की सगळ्या भिंती सारख्याच दिसतात, पण आत काय आहे त्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. बिल्डरने दिलेल्या माहितीपत्रकात बघा, सोसायटीच्या जुन्या लोकांना विचारा, आणि सगळ्यात सोपं म्हणजे कुठेतरी कपाटामागे एक बारीक भोक पाडून ड्रिलमधून येणारा भुगा बघा. भुगा खोटं बोलत नाही. सुरुवातीला पांढरा पिठासारखा आला तर वर जिप्समचं प्लॅस्टर आहे, करडा रेतीमिश्रित आला तर सिमेंटचं, आणि साधारण दीड-दोन सेंटिमीटर आत गेल्यावर तो बदलला की खरी भिंत लागली. लाल आला तर वीट. ड्रिल अचानक जड जायला लागलं, आवाज कर्कश झाला आणि बारीक करडी पूड यायला लागली तर काँक्रीट. आणि जर ड्रिल लोण्यात सुरी गेल्यासारखं आत गेलं आणि पांढुरका हलका भुगा भरभरून पडला तर तुमची भिंत सिपोरेक्सची आहे, म्हणजे एएसी ब्लॉकची. सिपोरेक्स हे खरं कंपनीचं नाव, पण आपल्याकडे गवंड्यापासून बिल्डरपर्यंत सगळे त्या ब्लॉकलाच सिपोरेक्स म्हणतात.

गेल्या बऱ्याच वर्षांत पुण्या-मुंबईकडे जे टॉवर झाले त्यातल्या पुष्कळांच्या आतल्या भिंती याच ब्लॉकच्या आहेत, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. हे ब्लॉक बनवताना सिमेंट, चुना आणि राख यांच्या मिश्रणात थोडी ॲल्युमिनियमची पूड घालतात, तिच्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि इडलीचं पीठ फुगावं तसं सगळं मिश्रण फुगतं, मग त्याच्या वड्या पाडून दाबाखालच्या वाफेत शिजवतात. आत लाखो बारीक बुडबुडे राहतात म्हणून ब्लॉक हलका होतो, घनमीटरला ५५० ते ६५० किलो, काँक्रीट २४०० किलोच्या आसपास असतं. बादलीतल्या पाण्यात तुकडा टाकला तर तरंगतो, खरंच, करून बघा. बिल्डिंगवरचा भार कमी होतो, घर थोडं थंड राहतं, सगळं चांगलं आहे, फक्त त्यात साधी गिट्टी ठोकणं म्हणजे ब्रेडमध्ये खिळा ठोकण्यासारखं आहे. ठोकताना छान घट्ट वाटतं. मग टीव्ही रोज थोडा थोडा ओढत राहतो, भोकाच्या कडेचे बुडबुडे चिरडत जातात, भोक मोठं होतं आणि एक दिवस दिवाळीचं फडकं अडकतं.

आता गिट्टी कशी धरते ते बघू, कारण इथेच सगळी गंमत आहे. गिट्टी म्हणजे आपली ती प्लॅस्टिकची नळी, कोणी रावल प्लग म्हणतं. हे नाव आलंय जॉन रॉलिंग्ज नावाच्या इंग्रज कंत्राटदारावरून, त्याने १९११ च्या सुमारास तागाच्या धाग्यांची नळी बनवली होती, त्याआधी भिंतीत लाकडाची खुंटी ठोकून त्यात स्क्रू पिळायचे, आपल्या जुन्या वाड्यांमध्ये अजून सापडतात तशा. मग १९५८ मध्ये आर्टुर फिशर या जर्मन माणसाने नायलॉनची फुगणारी गिट्टी काढली आणि आज जगभर तिचीच भावंडं वापरतात. तत्त्व एकच, स्क्रू आत गेला की नळी चिरून फाकते आणि भोकाच्या भिंतींवर आतून दाबते, त्या दाबामुळे जे घर्षण तयार होतं त्यावर सगळा खेळ. म्हणजे गिट्टी जेवढी फाकेल तेवढंच समोरचं मटेरियल घट्ट उभं राहिलं पाहिजे. वीट उभी राहते, काँक्रीट तर राहतंच, सिपोरेक्स मात्र चुरतं.

आणि प्लॅस्टर हे भिंतच नाही. आतलं प्लॅस्टर १२ ते २० मिलिमीटर जाड असतं. स्टँडच्या खोक्यात पुष्कळदा स्क्रू मिळतो ४०-५० मिलिमीटरचा, त्यातले दोनेक मिलिमीटर पट्टीत गेले, पंधरा-वीस प्लॅस्टरमध्ये, उरले पंचवीस-तीस. टीव्ही त्या पंचवीस मिलिमीटरवर लटकतोय. म्हणून हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ६५ ते ७५ मिलिमीटरचे स्क्रू आणि त्यांना जुळणाऱ्या १० नंबरच्या, चांगल्या नायलॉनच्या लांब गिट्ट्या स्वतः आणा, पन्नास-शंभर रुपयांचा मामला आहे. रंगीत कडक प्लॅस्टिकच्या स्वस्त गिट्ट्या कॅलेंडर लावायला ठीक, त्या काही वर्षात ठिसूळ होतात. भोक पाडल्यावर गिट्टी प्लॅस्टर ओलांडून आत, विटेच्या पोटात जाईपर्यंत ठोकायची, तिचं तोंड भिंतीच्या पृष्ठभागाशी दिसत राहिलं पाहिजे असा काही नियम नाही.

विटेच्या भिंतीत अजून एक बारकी गोष्ट असते. ड्रिल वीट आणि वीट यांच्या मधल्या सांध्यात घुसलं तर पकड कमी होते, आणि प्लॅस्टरखाली सांधा दिसत नाही. परत भुगाच बघायचा, प्लॅस्टर संपल्यावरही लाल न येता करडी रेतीच येत राहिली तर समजा सांध्यात आहात, पट्टी दीडेक इंच वर किंवा खाली घ्या आणि परत पाडा. आधीचं भोक टीव्हीमागे झाकलं जातंच, त्याचं एवढं मनाला लावून घेऊ नका. आतली भिंत चार इंची असेल तर ड्रिलवर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करून ठेवा, नाहीतर ड्रिल बेडरूममध्ये निघतं आणि पलीकडचं प्लॅस्टर थाळीएवढं उडतं. हे आमच्या शेजारी झालंय.

काँक्रीटची भिंत, म्हणजे हल्ली मायवान पद्धतीच्या बिल्डिंगमध्ये सगळ्या भिंती आरसीसीच्या ओततात ती, किंवा जुन्या बिल्डिंगमधला कॉलम, तिथे टीव्ही लागला तर सोनं. तिथे लोखंडी अँकर फास्टनर, म्हणजे आवळला की आत फाकणारा बोल्ट, मस्त बसतो. हॅमर ड्रिल, म्हणजे फिरता फिरता ठोकणारं ड्रिल, लागतं, वेळ लागतो, शेजारी शिव्या घालतात, पण एकदा बसला की तुम्ही म्हातारे व्हाल तो हलायचा नाही. फक्त ड्रिल मध्येच सळईला अडलं तर जोर लावून सळई कापायची नाही, भोक इंचभर सरकवायचं, त्या सळया बिल्डिंग उभी ठेवायला घातलेल्या असतात, टीव्हीसाठी नाही. आणि मायवानमध्ये लाइटच्या नळ्या काँक्रीट ओततानाच आत टाकलेल्या असतात हे लक्षात ठेवा, त्यावर पुढे येतेच.

हाच लोखंडी अँकर विटेत वापरला, आणि तोही विटेच्या कडेजवळ, तर तो फाकताना वीटच फोडतो. सिपोरेक्समध्ये तर विचारूच नका, जेवढा आवळाल तेवढा तो आतल्या आत कोरत जातो. पण लोकांना वाटतं लोखंड म्हणजे मजबूत, आणि लावणारा पण सांगतो ‘मॅडम अँकर मारलाय, हत्ती लटकवा’.

कोकणात, गोव्यात चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची घरं असतात, तिथे वेगळीच तऱ्हा. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर कडक होतो, पण आत भोकं-भोकं असतात, काही जागी मातीचे खिसे. एका ठिकाणी ड्रिल दगडात जातं आणि चार बोटांवर पोकळीत. माझ्या माहेरी असंच आहे. तिथे हॅमर बंद ठेवून आधी नुसतं फिरवून भोक पाडायचं, लांब गिट्टी घ्यायची, आणि पोकळ लागलं तर रेझिनवाला केमिकल अँकर वापरायचा, म्हणजे भोकात दोन भागांचा गोंद नळीने भरतात आणि त्यात आटेवाला दांडा रोवतात, तो सुकला की दगडाचाच भाग होतो. फुगवून दाबायची भानगडच नाही, त्यामुळे ठिसूळ भिंतीत हाच प्रकार बरा.

सिपोरेक्समध्येही हे चालतं. नाहीतर सिपोरेक्ससाठी वेगळ्या गिट्ट्या येतात, जाड आणि पंखवाल्या किंवा पिळाच्या, ज्या फाकून दाबण्याऐवजी ब्लॉकला आट्यासारख्या धरून बसतात. भोक हॅमर बंद ठेवून पाडायचं, हॅमरच्या धक्क्याने भोक वेडंवाकडं आणि ढिलं होतं. चारऐवजी सहा-आठ ठिकाणी धरायचं. आणि सगळ्यात खात्रीचा, जरा गावठी वाटेल असा उपाय म्हणजे आरपार बोल्ट: भिंतीतून पलीकडे बोल्ट काढायचा, पलीकडे लोखंडाची चपटी पट्टी लावायची आणि नट आवळायचा. मग टीव्हीला अख्खी भिंतच धरते. पलीकडे कपाट असेल तर कोणाला दिसतही नाही.

जिप्सम बोर्डचं पार्टिशन असेल, म्हणजे ठोकल्यावर डबडब वाजतं आणि आत पत्र्याच्या उभ्या पट्ट्या असतात, तर नुसत्या बोर्डवर मोठा टीव्ही लावायचाच नाही. बोर्ड साडेबारा मिलिमीटरचा असतो. पार्टिशन करतानाच आत, बोर्डमागे, पट्ट्यांना बांधून १८ मिलिमीटरचा प्लाय घालून घ्या, नंतर जीव जळतो.

प्लायवरून आठवलं, सध्या सगळ्यांना टीव्हीमागे पॅनल पाहिजे असतं. फ्लुटेड, चारकोल, पीव्हीसी, मार्बलसारखं दिसणारं, मागून लाइट सोडलेलं. दिसतं छान, नाही म्हणत नाही. पण त्यातले पीव्हीसी आणि चारकोल पॅनल म्हणजे कवच आहे नुसतं, मागे पोकळ किंवा गोंदाने चिकटवलेलं. आणि सुतार कित्येकदा भिंतीवर बारीक पट्ट्या मारून त्यावर ६ किंवा १२ मिलिमीटरचा प्लाय बसवतो आणि टीव्हीवाला त्या प्लायलाच स्टँड ठोकतो, स्क्रू भिंतीपर्यंत पोचतच नाही. म्हणजे टीव्ही प्लायवर, प्लाय पट्ट्यांवर, आणि पट्ट्या दीड इंची खिळ्यांवर! मुंबईच्या किंवा कोकणच्या पावसात प्लाय ओल धरून फुगला की मग बघायलाच नको. सुताराला आधीच सांगायचं, टीव्ही येईल तिथे चांगला १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय, थेट भिंतीला लागून, आठ-दहा लांब गिट्ट्यांनी धरलेला. मग स्टँड प्लायमध्ये कुठेही लावा, भार आठ-दहा ठिकाणी वाटला जातो. खरंतर सिपोरेक्सवर हाच सगळ्यात सोपा इलाज आहे आणि इंटिरियर करताना तो जवळजवळ फुकट होतो.

ड्रिल चालवायच्या आधी वायरचं बघा, यात हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडे वायरच्या नळ्या भिंतीत बुजवलेल्या असतात आणि बहुतेक वेळा स्विचबोर्डपासून सरळ वर स्लॅबकडे किंवा दोन बोर्डांच्या मधून आडव्या जातात. म्हणजे कुठलाही बोर्ड, प्लग पॉइंट, भिंतीवरचा दिवा, यांच्या नाकासमोर वर, खाली आणि आडवं भोक पाडायचं नाही. नेमकं टीव्हीच्या मागेच प्लग पॉइंट दिलेला असतो आणि नेमकं त्याच्याच वर पट्टी येते! वायर शोधायचं छोटं मशीन मिळतं, त्यावर शंभर टक्के विसंबू नका पण वापरा. मेन बंद करून बॅटरीवरचं ड्रिल वापरलं तर उत्तम. भिंतीच्या पलीकडे बाथरूम असेल तर पाण्याचे पाइप आणि ओल दोन्हीचा विचार करा, ओल आलेल्या प्लॅस्टरमधला स्क्रू गंजतो आणि टीव्हीच्या पाठीलाही दमट हवा बरी नाही. आणि एसीच्या बरोब्बर खाली टीव्ही लावू नका. एसीचं पाणी कधी ना कधी आत गळतंच.

उंचीवरून घरोघरी भांडणं होतात. दुकानात टीव्ही वर लावलेला असतो कारण तिथे गिऱ्हाईक उभं असतं, घरी आपण बसलेले असतो. सोफ्यावर बसलात तर डोळे जमिनीपासून साधारण ४० इंचावर येतात, टीव्हीचा मध्य तिथे आसपास पाहिजे. आमच्यासारखे जमिनीवर गादी टाकून बसणारे असाल तर अजून खाली. ५५ इंची टीव्ही उंचीला साधारण २७ इंच असतो (५५ हा तिरका आकडा आहे, रुंदी ४८ इंच), म्हणजे मध्य ४० वर ठेवला तर खालची कड २६-२७ इंचावर येते, ऐकायला फारच खाली वाटतं. सासरे म्हणाले हे काय फुलपात्रासारखं खाली ठेवलंय. मग जुन्या टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दोन दिवस भिंतीला चिकटवला आणि समोर बसून बातम्या वाचल्या, मोबाइलवर. मान दुखली नाही तेव्हा पटलं. अंतर ५५ इंचीला सात-आठ फूट पुरे.

टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांना व्हेसा म्हणतात, ते ठरलेलं माप आहे, दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये: २०० बाय २००, ३०० बाय २००, ४०० बाय ४०० वगैरे. स्टँड घेताना ते जुळतंय का बघायचं. स्क्रू छोट्या टीव्हीला एम४ (म्हणजे ४ मिलिमीटर जाडीचा), मोठ्याला एम६ किंवा एम८ लागतात, आणि लांबी इथे महत्त्वाची आहे: फार लांब स्क्रू आत जाऊन टीव्हीच्या स्क्रीनलाच टेकतो, फार छोटा दोन आट्यांवरच अडकून राहतो. आधी हाताने फिरवून बघा किती जातो, निदान आठ-दहा मिलिमीटर आत गेला पाहिजे, पाठ वक्र असेल तर खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या नळ्या मध्ये घाला. मशीनने आवळू नका, आतले आटे प्लॅस्टिकमध्ये बसवलेले असतात, ते फिरले की झालं.

आणि एचडीएमआयची वायर भिंतीतून न्यायची असेल तर दोन इंची पाइप टाकायला सांगा. एक इंचीतून वायर जाते हो, तिचं तोंड अडकतं.

भोकं पाडताना आधी एकच भोक पाडायचं, पट्टी त्यावर सैल अडकवायची, स्पिरिट लेव्हल ठेवून सरळ करायची आणि मग बाकीच्या खुणा करायच्या. चारही एकदम खुणा केल्या की एक तरी चुकतं, आमच्या गवंड्याचं म्हणणं. भोकातला भुगा पंपाने किंवा स्ट्रॉने फुंकून काढा (डोळे मिटून! चष्मा असेल तर अजून बरं), भुग्यावर गिट्टी घसरते. आणि स्क्रू आवळताना तो शेवटी शेवटी जड जायला पाहिजे. नुसताच गरगर फिरत राहिला तर गिट्टी आत फिरतेय, मग लावणारा खिशातून काडेपेटी काढतो, दोन काड्या भोकात कोंबतो आणि स्क्रू घट्ट झाला म्हणून दाखवतो. नाही म्हणायचं. अगदी तोंडावर नाही म्हणायचं. काड्या सुकतात, आक्रसतात, आणि टीव्ही तुमचा असतो. भोक दोन इंच सरकवा किंवा केमिकल भरा.

पट्टी बसली की टीव्ही लावायच्या आधी ती तपासा. वरच्या कडेला दोन्ही हातांनी धरून पुढे आणि खाली जोरात ओढायचं, टीव्हीच्या तिप्पट वजनाइतकं तरी, म्हणजे ५५ इंचीला ४५ किलोच्या आसपास, साधारण आठवीतल्या पोराचं वजन. स्क्रूच्या कडेने बारीकसा भुगा जरी गळला, किंवा पट्टी केसभर जरी हलली, तरी टीव्ही लावायचा नाही. हातावाला स्टँड असेल तर हात पूर्ण ताणून ओढून बघायचं. बहुतेक लावणारे तो मिटलेलाच ठेवून तपासतात, आमचाही तसाच तपासला होता.

टीव्ही उचलायला दोन माणसं, हात खालच्या आणि बाजूच्या कडेला, बोटं काचेवर अजिबात नाही. स्टँडला खाली दोन लॉक स्क्रू किंवा ओढायच्या दोऱ्या असतात त्या नक्की लावा, नाहीतर पुढच्या वेळी वायर बदलायला तुम्ही टीव्ही खालून उचलता, हुक वरून निसटतो, आणि तुमचा दुसरा हात वायरीत असतो.

आमच्याकडे आता १८ मिलिमीटरचा प्लाय आहे, रंगवलेला, त्यात चार आरपार बोल्ट आणि सहा पिळाच्या गिट्ट्या, आणि त्यावर साधा फिक्स स्टँड. हातावाला स्टँड माळ्यावर गेला. सासूबाईंनी स्वयंपाकघरात फोनवर मालिका बघायला सुरुवात केलीय. जुनी भोकं मात्र प्लायच्या बाहेर राहिली, दोन वर, ती मी पुट्टीने बुजवली आणि त्यावर लेकीने मोराचं स्टिकर लावलं. टीव्हीच्या पाठचे जास्तीचे स्क्रू आणि त्या प्लॅस्टिकच्या नळ्या एका झिपच्या पिशवीत घालून टीव्हीच्याच मागे चिकटवून ठेवल्यात, घर बदलताना नेमके तेच सापडत नाहीत.